आखजीपर्यंतचा वाफा

॥ श्री ॥
नांदगाव खंडेश्वर, माघ वद्य पंचमी, शके १७८५

चि. सौ. वच्छला हिस आजी मनकर्णाबाईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल, तिकडची खुशाली येत जावी. विशेष.

रामराव गाडीवान काल तुझा निरोप घेऊन आला. अकोल्याले कापूस खाली करून सरळ आमच्या दारात, मिशीले अजून कापूस लागलेला. त्यानं सांगितलं की तुझ्या सासऱ्यांनी, आमच्या खुशालराव इवायांनी, तुले विहिरीजवळचा एक वाफा फुलांसाठी दिला. मले इतका आनंद झाला की गुळाचा खडा द्यायचा तर म्या त्याले भेलीच दिली. मंग त्यानं राहिलेली अर्धी गोष्ट सांगितली. वाफा आखजीपर्यंतच, वैशाखातल्या अक्षय तृतीयेपर्यंत. आखजीले त्यात फूल दिसलं तर तो तुझा, नाही तर वखर फिरणार आणि मृगात तिथंही कापसाची पऱ्हाटी. भेली परत मागणार होती, पण त्यानं ती फोडली होती.

इवायांवर रागावू नको. औंदा सगळ्याच माळ्यांच्या अंगात आलं आहे. तुझ्या बापानं, माझ्या जानरावानं, आपला घरामागचा फुलमळा नांगरून कापूस लावला. म्या विचारलं काहून रे बाबा, तर म्हणते, दूरच्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेले जात नाही, म्हणून आपल्याले सोन्याचा भाव. भांडण दुसऱ्याच्या घरी आणि नांगर माझ्या झेंडूवर. मले आता मोरीच्या पाण्यावर चार झाडं ठेवली आहेत, तेवढ्यावर मी आपली माळीण म्हणवून घेते.

फडक्याच्या चार गाठींत चार तऱ्हेच्या बिया पाठवल्या आहेत. झेंडूच्या काळ्या काड्या तू ओळखशील. गुलमखमलीचं बोंड हातावर चुरून टाक. मोहरीहून बारीक आणि चकचकीत तो कोंबडा. मोठं ते सूर्यफूल, ते पश्चिमेकडून लाव, बाकीच्यांवर सावली धरील. उन्हाळ्याची फुलं ही, एका हंगामाची. आली तशी जातात, पण उन्हाले भीत नाहीत. आधी सावलीत रोप कर, वर जुनं फडकं घाल, भोवती राख टाक, नाही तर मुंग्या तुझ्या आधी पेरणी करतील.

आणि पहिली कळी देवाची. रिवाज विसरली नसशील. कोण्याही रोपाची पहिली कळी उमलू द्यायची नाही, हुंगायची नाही, न्हाऊन खुडायची आणि महादेवाले वाहायची. मंग रोप चहूकडून फुटते.

माझ्या अक्षराले हसू नको. लहानपणी रिद्धपूरच्या मठात फुलं पोचवायले जायची, तिथल्या एका बाईनं बोट धरून राखेत अक्षरं गिरवून घेतली. तेवढ्याच पुंजीवर तुले शिकवलं, आणि तेवढ्यावरच हे लिहून राहिली. माझी माया तुझ्यापाशी आहे, तिले ऊन लागू देऊ नको, इतकंच मागणं.

तुझी आजी


॥ श्री ॥
अकोला, फाल्गुन शुद्ध नवमी

ती. आजीस वच्छलेचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

बिया पोचल्या, पेरल्या, उगवल्या. राख टाकली होती तरी कोंबड्याची एक ओळ मुंग्यांनी नेलीच. रोपांवर म्या माझं जुनं लुगडं पांघरलं, तर आत्याबाई शेजारणीले सांगतात की सुनेनं वाफ्याले पांघरूण दिलं आणि नवऱ्याले घोंगडं द्यायचं विसरली. यांना मात्र घोंगड्याचं काही वाटत नाही. सहदेव हे नाव मी घेत नाही, तू लिहायले लावशील म्हणून आधीच लिहून टाकलं. पऱ्हाटीचे बैल सोडायच्या आधी एक मोट जास्तीची काढून हे वाफ्याकडे वळवतात आणि मामाजींना सांगतात की पाट फुटला. पाट रोज फुटते.

मामाजी वाईट नाहीत. रोज विहिरीवर येतात आणि आपल्या वावरात दुसऱ्याचा बैल शिरावा तसं वाफ्याकडे पाहतात, पण रोपाले पाय लागू देत नाहीत.

तुले एक सांगते, इथं कोणाले सांगता येत नाही. कार्तिकापासून माघापर्यंत मी कापूस वेचला. बोंडांनी बोटं फाटली त्याचं काही नाही, सगळ्यांचीच फाटतात. पण वावर पांढरं, अंगण पांढरं, ओसरीत ढीग पांढरा, माणसांच्या भुवया पांढऱ्या. डोळे मिटले तरी पांढरंच दिसते. आजी, मले लाल पाहिजे, पिवळं पाहिजे. तुझ्या मळ्यात वाढलेली मी, मले वाटलं होतं सगळीकडे तसंच असते. हा वाफा गेला तर या घरात दिवस कसे काढावे ते मले समजत नाही.

आत्याबाई हाका मारून राहिल्या. लहानांवरची दृष्टी काढू नये.

वच्छला


॥ श्री ॥
नांदगाव, फाल्गुन वद्य द्वादशी

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि पांढऱ्याचं वाचून उठून मोरीवरच्या झेंडूपाशी जाऊन बसली. खरं आहे तुझं. आपण रंगाची माणसं.

पाट फुटते ते मले फार आवडलं. जावईबापूंना सांग, तुझे आजोबाही असेच पाट फोडायचे, आणि त्यांच्या आईले बिचारीले मरेपर्यंत वाटायचं की आपली जमीनच उताराची.

मी मागच्या आठवड्यात तिवशाले लग्नाले गेली होती. काय सांगू त्या लग्नाचं. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं, नवरीच्या अंगावर शालू, जेवणात तूप इतकं की पत्रावळ हातात धरवत नव्हती. आणि फूल एक नाही. सगळ्या माळ्यांनी कापूस लावला, मंग फूल आणायचं कुठून? नवरदेवाले मुंडावळ्या बांधल्या त्या लाल-हिरव्या कागदाच्या. ऊन असं की त्याले घाम सुटला, कागदाचा रंग ओघळला, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाचे दोन्ही गाल होळी खेळल्यासारखे. नवरी हसली. तिच्या सासूनं ते पाहून ठेवलं आहे, पुढं तिचं काय होते देव जाणे. म्या मात्र परत येता येता सगळ्या वाटेनं तुझ्या वाफ्याचाच विचार केला.

आता ऐक. पाणी मुळाशी दे, दुपारी पानावर नको. खुरपणी करताना झेंडूले मातीची भर लाव. गुलमखमल नुसती उन्हात सोड, तिले लाड सोसत नाहीत. आत्याबाईंच्या बोलण्याचं मनावर घेऊ नको. माझी सासू मले म्हणायची की हिच्या हातानं दगडालेही मोड येतील पण भाकर गोल येणार नाही. भाकर अजून येत नाही.

मायेची आठवण ठेवून लिहीत जाणे.

तुझी आजी


॥ श्री ॥
अकोला, चैत्र शुद्ध एकादशी, शके १७८६

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार. विशेष.

मोठ्या पेचात पडून लिहून राहिली. इकडून जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आमच्या विहिरीवर थांबतात, बैलांना पाणी पाहिजे, आणि व्यापाऱ्याच्या बैलांना मामाजी नाही म्हणत नाहीत. त्यात वाफ्याचं पाणी तुटलं. पाट फुटायलेही विहिरीत काही पाहिजे. रोपं मागं राहिली.

आता कुठं कळ्या धरल्या, वाटाण्याएवढ्या. म्या मनाशी हिशेब केला तर त्या नेमक्या आखजीच्या तोंडावर उमलतील. पण ही प्रत्येक रोपाची पहिली कळी आहे. ती खुडली तर दुसरी यायले जेठ उजाडेल, आणि आखजीले वाफ्यात नुसता पाला. ती ठेवली तर देवाची कळी आपल्या कामाले वापरली असं होते. यांना विचारलं, तर हे म्हणाले की तुझ्या आजीचा रिवाज, आजीलेच विचार.

मामाजी शब्दाचे पक्के आहेत. फूल दिसलं तर वाफा देतील, नाही दिसलं तर नांगरतील, दोन्हीत फरक करणार नाहीत. काय करू ते लवकर लिही. रामराव भेटला तर त्याच्याच हाती दे, तो ओळखीचा आहे. तू सांगशील तसं करीन.

वच्छला


॥ श्री ॥
नांदगाव, चैत्र वद्य चतुर्थी

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद. विशेष.

कळ्या खुडू नको. आधी हे लिहिते, म्हणजे बाकीचं वाचायच्या आत तुझा जीव खाली पडेल.

तुझं पत्र आलं आणि म्या रात्रभर कुशी बदलल्या. सकाळी न्हाली आणि खंडेश्वराच्या देवळात जाऊन बसली. पिंडीसमोर सगळं सांगितलं. म्हटलं, बाप्पा, पोरगी तुझी कळी चुकवणारी नाही, पण तिचा सासरा हट्टी आहे आणि आखजी काही पुढं सरकत नाही. तुले काय, तुले युगं पडली आहेत, तू एक महिना थांब. तोवर माझ्या मोरीवरच्या झेंडूची सगळी फुलं तुझी, मी एक डोक्यात घालणार नाही. गुरव माझ्याकडे पाहून राहिला होता, त्याले वाटलं मी कोणाले रागावते. पिंडीवरचं बेलपान उजवीकडं पडलं. वारा होता म्हणा, पण उजवीकडं पडलं.

तेव्हा माझ्या शब्दावर कळ्या तशाच ठेव. दोष लागला तर मले लागेल, माझे आता किती दिवस राहिले. रामराव आज निघून राहिला, त्याच्याच हाती देते. तो म्हणते आखजीच्या कितीतरी आधी पोचतो.

पोचल्याचं लिही. धीर सोडू नको, आणि आमचा विसर पडू देऊ नको.

तुझी आजी


॥ श्री ॥
अकोला, वैशाख शुद्ध षष्ठी

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार. विशेष.

तुझं पत्र आखजीच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. रामरावाच्या गाडीचा आख मूर्तिजापुरापाशी मोडला, आणि कापूस दुसऱ्या गाड्यांत चढवता चढवता त्याचे दिवस तिथंच गेले. तोवर म्या कळ्या खुडल्या होत्या.

तुझी वाट फार पाहिली. कळ्या फुगल्या, तोंडाशी पिवळ्या दिसू लागल्या. हे म्हणाले की अर्ध्या ठेव आणि अर्ध्या खुड, देव काही मोजायले येत नाही. मले ते पटलं नाही. तुझ्यासंगं टोपलं धरून देवळात जायची तेव्हापासून पहिली कळी वाहिल्याबिगर म्या एक फूल माळलं नाही. आज नड आली म्हणून देवाले बाजूले सारायचं, तर मंग तो वाफा माझा राहिला कशाचा. न्हाली आणि सगळ्या खुडल्या, झेंडूच्या, गुलमखमलीच्या, कोंबड्याच्या, सूर्यफुलाच्या. मोर्णेकाठच्या महादेवाले टोपलंभर हिरव्या कळ्या वाहिल्या. तिथल्या गुरवानं विचारलं, बाई, ही भाजी कशाची.

आखजीले पितरांच्या घागरी भरल्या, पुरण झालं. मामाजींनी आपल्या आईच्या नावानं पाणी दिलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. जेवणं झाल्यावर ते वाफ्यापाशी गेले. सगळं हिरवं. तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल जुंपून वखर घेऊन आले. बोलले होते तेच करत होते, म्हणून मले रडायलेही तोंड नव्हतं.

बैल बांधावर आले आणि मामाजी खाली वाकले. प्रत्येक रोपाचा शेंडा तुटलेला. त्यांनी विचारलं की कोणाचं जनावर शिरलं होतं. म्या सांगितलं की जनावर नाही, म्याच खुडल्या. त्यांना वाटलं मले वेड लागलं. फूल दिसलं तर वाफा तुझा, हे मीच ना सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं. म्या हो म्हटलं. मंग सांगितलं की आमच्याकडे पहिली कळी देवाची असते.

तेव्हा आत्याबाई पिठाच्या हातांनी घरातून आल्या. मले वाटलं आता माझी सालं निघतात. तर त्या मामाजींनाच बोलू लागल्या. म्हणाल्या की माझी सासू याच जागी हेच करायची, आणि पहिल्या कळीले हात लावला म्हणून तुमच्या पाठीत धपाटे बसलेले म्या या डोळ्यांनी पाहिले. काल त्या माउलीच्या नावानं डोळे पुसले आणि आज तिच्या रिवाजावरून वखर फिरवता. फिरवा, फिरवा, बैल तयारच आहेत.

मामाजींनी कासरा आवरला. मंग एवढंच म्हणाले की या बाईले बैलांसमोरही राहवत नाही. आणि बैल वळवले. जाता जाता मले सांगितलं की पेरणीपर्यंत, तिफणीच्या दिवसापर्यंत पाहू.

दुपारी रामराव आला, तुझं पत्र घेऊन. तुझं न ऐकता केलं, रागावू नये.

वच्छला


॥ श्री ॥
नांदगाव, वैशाख वद्य तृतीया

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद. विशेष.

रागावू कशाले? पत्र वाचून मी हसली, रडली, मंग शेजारच्या सुभद्रेले बोलावून वाचून दाखवलं आणि दोघी मिळून पुन्हा रडलो. मंग देवळात गेली. महादेवाले म्हटलं की तू या म्हातारीचं ऐकलं नाही ते बरं केलं. माझी फुलं परत मागितली नाहीत, राहू दे त्याच्यापाशी.

आत्याबाईंबद्दल म्या जे जे लिहिलं ते फाडून टाक. तशी सासू मले मिळाली असती तर भाकरही गोल आली असती.

पण वच्छला, कोंबड्याची कळी कशाले खुडली माय? कोंबडा एकच तुरा आणते. त्याचा तुरा पुरा होऊ देतो आपण आणि मंग तोच वाहतो. सूर्यफुलाचंही तसंच, त्या रोपाले एकच डोकं. म्या सगळ्यांची म्हणून लिहिलं, हे दोन सोडून असं लिहायचं राहिलं. मले वाटलं तुले माहीत आहे, आणि तुले वाटलं आजी सांगते ते सगळं. त्या दोघांची आशा सोड. झेंडू आणि गुलमखमल मात्र आता अशी फुटतील की वाफ्यात पाय ठेवायले जागा राहणार नाही. पाणी तेवढं तोडू नको. विहीर आटली तर भांडी धुतल्याचं घाल, आंघोळीचं घाल, लाज धरू नको.

तिफणीच्या दिवसाची मीही वाट पाहते. इकडे जानरावाले काही सांगितलं नाही, तो हसेल. लोभाचं पाणी आटत नाही, एवढं ध्यानात असावं.

तुझी आजी


॥ श्री ॥
अकोला, ज्येष्ठ वद्य पंचमी

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार. विशेष.

गाड्या बंद झाल्या म्हणून टपालानं पाठवून राहिली.

फुललं, आजी. आधी गुलमखमल, जांभळी-लाल, बोंडावर बोंड. मंग झेंडू. एकेका रोपाले इतके फाटे की काड्या रोवून सुतळीनं बांधावी लागली. सकाळी दार उघडलं की डोळ्यांत पिवळं घुसते. कोंबड्यांना पिल्लाच्या तुऱ्याएवढे तुरे आले, आत्याबाई त्यांना माझी पिल्लं म्हणतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवतात. सूर्यफुलाचे नुसते दांडे राहिले, ते बकरीनं खाल्ले.

इथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे हंगामातलं शेवटचं लग्न होतं. वाजंत्री नागपूरची, हत्ती कुठून तरी आणलेला, आणि सगळ्या अकोल्यात हार करायले फूल नाही. त्यांचा माणूस विचारत विचारत आमच्या विहिरीवर आला. मले वाटलं मामाजी त्याले माझ्याकडे पाठवतील. तर ते स्वतःच खाली बसले, दोऱ्यासाठी केळीचा सोप भिजवायले सांगितला, आणि मुंडावळ्या गुंफू लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात फूल कोणी पाहिलं नव्हतं. बोटं पहिल्यांदा अडखळली, मंग चालू लागली. माझ्या गाठी पाहून म्हणाले की नांदगावच्या गाठी सैल असतात. मी सैल नसतात म्हटलं. त्यांनी माझी एक गाठ ओढून पाहिली आणि पुढचं फूल उचललं.

वाफ्याबद्दल मात्र कोणी शब्द काढला नाही. ना त्यांनी, ना म्या. परवा तिफण धरली. हे बैल हाकत होते, मामाजी सरकी सोडत होते, मी ओसरीत उभी. पेरणीचं तास, ओळीमागून ओळ, विहिरीकडे सरकत आलं. बैल वाफ्यापर्यंत आले. मामाजींनी जीभ टाळूले लावून आवाज केला, आणि तिफण वाफ्याले वळसा घालून परत फिरली. दुसऱ्या तासालेही फिरली. तिसऱ्या तासाले मी ओसरी उतरून वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली.

वाफा राहिला. आशीर्वाद असाच पाठीशी असावा.

तुझी वच्छला


॥ श्री ॥
नांदगाव, आषाढ शुद्ध द्वितीया

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र इतक्यांदा उघडलं की घडीवर फाटून राहिलं. इवायांना माझा नमस्कार सांग आणि सांग की नांदगावच्या गाठींचं मी पुढल्या भेटीत दाखवीन. आत्याबाईंना काही सांगू नको, त्यांना मीच येऊन भेटीन. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रामरावाच्या गाडीत बसून येते. जानराव म्हणते या वयात हाडं खिळखिळी होतील. ती इथं बसूनही होतच आहेत.

तिफण वळल्याचं त्याले वाचून दाखवलं. जेवत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला की अकोल्याच्या लोकांना डोकं नाही. इथली पेरणी केव्हाच झाली, माझ्या जुन्या फुलमळ्यात पऱ्हाटी चांगली दोन-दोन पानांवर आली आहे, तेव्हा आता बोलून उपयोग नव्हता. खोटं कशाले लिहू, त्या रात्री मले जेवण गेलं नाही.

काल मात्र तो दारात बसून वखराचा दांडा तासत होता. मान वर न करता विचारलं की तेरडा केव्हा टाकतात. म्या सांगितलं, आषाढात. त्यानं विचारलं की कुंपणाच्या कडेनं कापूस नीट येत नाही, तिथं चालेल का. म्या म्हटलं चालेल. तो पुन्हा तासू लागला.

मी अंधार पडायच्या आत टाकला.

तुझी आजी मनकर्णा